३८ लाखांचे ६८ लाख होता होता राहिले

परवा रात्री साडेआठला फ्लेक्सच्या दुकानात बसलो होतो. सोबत एका गावातली दोन पोरं. त्यांच्या रस्त्याच्या कामाचा माहितीफलक पंधरा दिवसांपूर्वी रातोरात गायब झाला आणि रस्ता पहिल्याच पावसात उखडला. फलकाचा फोटो मात्र एका पोराने काढून ठेवलेला. रक्कम, ठेकेदाराचं नाव, दोषदायित्व कालावधी, सगळं त्यात. माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, पण उत्तराला ३० दिवस आणि ग्रामसभा दुसऱ्याच दिवशी. म्हणून त्या फोटोचाच ८ बाय ६ फुटांचा फ्लेक्स.

फोटो मीच व्हॉट्सअॅपवर मागवला होता, ही माझी चूक. तिथे तो आकसून १६०० बाय १२०० पिक्सेल झाला. ८ फूट म्हणजे ९६ इंच. इंचाला जेमतेम १७ पिक्सेल! बारीक अक्षरांचा नुसता चिखल.

डिझायनरने रिझोल्यूशनच्या खान्यात ३०० टाकलं. "झालं, हाय क्वालिटी." अरे बाबा, त्याने मधले पिक्सेल कॉम्प्युटर अंदाजाने भरतो. फाइल जड होते, अक्षर उघडत नाही. मग त्याने एआयचं अॅप चालवलं. अक्षरं एकदम चकाचक. मीही खूश झालो. तेवढ्यात पोरगं म्हणालं, "दादा, रक्कम ३८ लाख होती. इथं ६८ दिसतेय."

पोटात गोळाच आला. हा फ्लेक्स लागला असता तर सभेत खोटे आम्ही ठरलो असतो.

मूळ फोटो फोनमध्ये होता, नशीब. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला लावला. ४००० बाय ३०००, म्हणजे इंचाला ४१-४२. ३०० लागतं ते हातात धरून बघायच्या फोटोला. आठ-दहा फुटांवरून वाचायला एवढं पुरतं, चौकातल्या उंच होर्डिंगला तर याहून कमी चालतं. मूळ फोटो नसता तर मी फ्लेक्सच ४ बाय ३ चा केला असता. त्याच १६०० पिक्सेलमध्ये इंचाला ३३ मिळाले असते. पण आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सांनी सवय लावलीय, लहान म्हटलं की पोरांची तोंडं उतरतात.

सभेत फ्लेक्स शाळेच्या भिंतीला टांगला. एक आजोबा मोठ्याने वाचत होते. 'दोषदायित्व कालावधी ५ वर्षे' ही ओळ आली तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांनी खिशातून चष्मा काढला. ठेकेदाराला नोटीस द्यायचा ठराव झालाय, प्रत मिळाली की टाकतो.

तुमच्या गावातल्या फलकांचे फोटो असतील तर पाठवा. डॉक्युमेंट म्हणून.