माळ्यावरचे कॉर्नेट

वसईकडच्या आमच्या धर्मग्रामांतून जुन्या बँडवाल्यांची पिढी विरळ होत चालली आहे. वाद्ये मात्र माळ्यावर उरली आहेत. एखादा नातू ते खाली काढतो, फुंकून पाहतो आणि आमच्याकडे घेऊन येतो. तोवर घरात पक्कड फिरलेली असते, हे नळीवरचे ओरखडेच सांगतात.

अलीकडे आलेले कॉर्नेट असेच होते. आजोबांच्या वरसाच्या मिस्सानंतर कबरीपाशी ते वाजावे, अशी नातवाची इच्छा. हाती दोन आठवडे. तिन्ही पिस्टन जाम, माऊथपीस रुतलेला, स्लाइड हलेनात. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता आणि मुलाच्या वडिलांचा कल तिकडेच दिसत होता.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. फुंकणाऱ्याची लाळ आणि खारा वारा यांनी त्यावर हिरवा कळंक चढतो. पिस्टन आणि त्याचे घर यांतली फट केसाच्या जाडीहून कमी. थोडे सुकलेले तेल, थोडा कळंक एवढ्याने ती बुजते. अशा वेळी जोर केला, तर आधी नळी पिळते नाहीतर डाख निखळतो. म्हणून ज्योतही लावू नये. सांध्यांवर पातळ गंजतेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. झाकणाच्या कडेने लाकडी मोगरीने हलके ठोकावे. माऊथपीस बर्फाने गार करून बाहेरच्या नळीवर गरम पाणी ओतले, की बहुधा तो सुटतो. पॉलिशपेपर मात्र पिस्टनला कधीही लावू नये.

आधी पिस्टन, मग स्लाइड. व्हॉल्व्हची स्लाइड ओढताना त्या व्हॉल्व्हचे बटण दाबून धरावे लागते. नाहीतर आत पोकळी होऊन ती मागे खेचली जाते.

गंमत अशी, की १९०३ साली पोप दहावे पायस यांनी देवळात बँड वाजवण्यास सक्त मनाई केली. मिरवणुकीपुरती बिशपांच्या परवानगीने मुभा ठेवली. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर वाद्यांनाही दार उघडले. तरी आमचा बँड अंगणातला आणि दफनभूमीच्या वाटेवरचाच राहिला, आणि तिथेच तो शोभतो, असे आमचे मत आहे.

नवव्या दिवशी शेवटचा पिस्टन वर आला. पिस्टनवरचे १, २, ३ हे आकडे पाहून ज्याचे त्याच्या घरात बसवले. अदलाबदल झाली तर हवाच अडते. कोमट साबणपाण्याने आतून धुतल्यावर मुख्य नळीवर तांबूस ठिपके दिसले. तिथले जस्त निघून गेले आहे. हे वाद्य फार वर्षे टिकणार नाही, हे आम्ही वडिलांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते हातात घेतले, बटणे दाबून पाहिली आणि भंगारवाल्याचे नाव काढले नाही.

तिसरी स्लाइड शेवटपर्यंत सुटली नाही, तशीच ठेवली. मुलगा आता संध्याकाळी आमच्या ओट्यावर सराव करतो. मधला पिस्टन अजून जरा सावकाश वर येतो.