'अमर्याद' या शब्दाची मर्यादा

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती वाडी आमच्याच खालापूर तालुक्यातली. तालुक्यातील ठाकर वाड्यांवरची लग्नातली गाणी आम्ही काही वर्षे ध्वनिमुद्रित करत होतो आणि ती सारी मोहोपाड्यातल्या आमच्या घरी, एकाच जुन्या संगणकावर होती. गाणारी माणसे एका रात्रीत जातात, तसे त्यांचे आवाजही जातील, हे तेव्हा उमगले. दुसरी प्रत घरापासून दूर हवी होती.

संगणकावर लिनक्स आहे; विनामूल्य म्हणून आणि जुन्या यंत्राला झेपते म्हणूनही. ठरावीक शुल्कात अमर्याद बॅकअप देणारी बॅकब्लेझची वैयक्तिक सेवा पाहिली, तर ती विंडोज आणि मॅकपुरतीच. गंमत अशी, की 2009 मध्ये या कंपनीने आपल्या साठवणपेट्यांची रचना जाहीर केली, तेव्हा त्या पेट्या लिनक्सवरच चालत होत्या. म्हणजे अडचण अज्ञानाची नव्हे.

मग कशाची? आमच्या मते उत्तर खानावळीत आहे. ठरावीक पैशांत पोटभर जेवण मालकाला परवडते, कारण बहुतेक जण चार पोळ्यांवर उठतात आणि दोघाचौघा खवय्यांचा भार त्यांच्यावर निभावतो. लिनक्स वापरणारे मुळात थोडे. त्यांतही घरी सर्व्हर मांडून डिस्कांच्या चळती लावणारे बरेच. मूठभर गिऱ्हाइकांसाठी वेगळी आज्ञावली लिहायची, सांभाळायची आणि वर सरासरी बिघडवून घ्यायची, हा व्यवहार कोण करील?

क्रॅशप्लॅनने तो केला होता. लिनक्ससकट अमर्याद जागा देणारी त्यांची घरगुती सेवा ऑक्टोबर 2018 मध्ये बंद झाली. गूगलनेही शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण 2022 मध्ये संपवून 100 टेराबाइटची सामायिक सीमा घातली.

मराठीत 'अमर्याद' म्हणताना थोडा बेतालपणाही ध्वनित होतो. जाहिरातीतल्या 'अमर्याद'ला मात्र ताल असतो, तो सरासरीचा. जो खरोखर अमर्याद वागेल, तो तिथे नकोसा.

अखेर आम्ही मोजून पैसे घेणारी साठवण पत्करली. यंत्र कोणते, हे ती विचारत नाही. किती ठेवले, एवढेच पाहते. गेल्या पावसाळ्यात एका वाडीवरच्या आजींनी विचारले, आमची गाणी कुठे ठेवलीत? प्रथमच आम्हांला दोन ठिकाणे सांगता आली.