अदृश्याचे साक्षीदार

अदृश्य होण्याची कल्पना कथेइतकीच जुनी असावी. तिला काटेकोर नियमात बसवण्याची निकड मात्र खेळाला भासली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या १९७४ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये अदृश्यतेचा मंत्र एका अटीसह येतो: अदृश्य राहून प्रहार करता येत नाही. कृती करणे म्हणजेच प्रकट होणे. रामायणातल्या इंद्रजितावर असे बंधन नाही. तो न दिसता बाण सोडत राहतो, आणि म्हणूनच त्याला थोपवायला निकुंभिलेच्या यज्ञाचा भंग करावा लागतो. महाकाव्य अदृश्यतेची मर्यादा विधीत ठेवते, खेळ ती कृतीतच ठेवतो. हा भेद केवळ तांत्रिक नव्हे.

या खेळाच्या नियमांवर बेतलेला 'बाल्डर्स गेट २' हा कॅनडातील बायोवेअरने घडवलेला संगणकीय खेळ २००० साली प्रसिद्ध झाला. त्यातला 'स्टाफ ऑफ द मेजाय' हा मांत्रिकाचा दंड अथकाट्ला नगरीच्या पुलाजवळील वस्तीत, एका गुप्त अड्ड्यातील जीवघेण्या संघर्षानंतर हाती येतो. दंड हाती घेताच धारक अदृश्य होतो. प्रहार केला की नियमानुसार तो दिसू लागतो. पण दंड क्षणभर बाजूला ठेवून पुन्हा धरला की पुन्हा दिसेनासा होतो. शत्रू मंत्राचा नेम धरतो तोवर नेम धरायला समोर कोणी उरलेलेच नसते. नियम अक्षरशः पाळला जातो आणि अर्थतः मोडतो. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधला लिडियाचा मेंढपाळ गायजीज अंगठीचा खडा तळहाताकडे वळवून गुप्त होतो आणि बाहेर वळवून प्रकटतो. दंडाची ही उचलठेव त्याच हालचालीची आवृत्ती होय.

ही युक्ती महिनोन्‌महिने वापरणारा एक अध्यापक दिवसा निवेदनमीमांसा शिकवीत असे. सर्वज्ञ निवेदक सर्वांना पाहतो, त्याला कोणी पाहत नाही, आणि तरीही तो कथेत हस्तक्षेप करतो, हे वर्गात सांगताना त्याला आपल्या रात्रीच्या खेळाची आठवण होई. विजय मिळत होते. पण ते विलक्षण बेचव होते. प्रतिपक्षाची नजरच काढून घेतल्यावर उरतो तो संघर्ष नसून कारकुनी असते, हे त्याला पटत चालले होते. तरी दंड त्याच्याने सोडवेना. (येथे नीतीचा प्रश्न उपस्थित करणे फाजील गंभीरपणाचे वाटेल, परंतु ग्लॉकॉनने गायजीजची कथा सांगितली ती नेमक्या याच प्रश्नासाठी.)

कोणी पाहणारच नसेल तर मनुष्य न्यायाने का वागेल, हा ग्लॉकॉनचा प्रश्न २००६ सालच्या 'ऑब्लिव्हियन'ने जवळजवळ आज्ञावलीत उतरवला. या खेळात चोरी कोणी पाहिली तरच ती अपराध ठरते आणि डोक्यावर दंडाची रक्कम चढते. पाच वस्तूंवर प्रत्येकी वीस टक्के 'कॅमिलियन' प्रभाव जडवला की बेरीज शंभर होते. मग शत्रू समोर असूनही उलटून लढत नाही, पहारेकऱ्यालाही काही दिसत नाही. अध्यापकाने ही बेरीज पूर्ण केली आणि तो दुकानादुकानांतून माल उचलीत हिंडू लागला. कायदा खरोखरच आंधळा झाला होता.

आणि तरीही काही गोष्टी नोंदल्या जात होत्या. चोरलेल्या वस्तूवर लाल हाताची खूण उमटते. ती पाहून सामान्य व्यापारी माल घेत नाही, तो चोरांच्या संघाच्या दलालाकडेच खपवावा लागतो. साक्षीदार माणसांतून निघून वस्तूत जाऊन बसलेला असतो. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर कर्ता संहितेतून लुप्त होतो, त्याचा माग मात्र संहितेतच राहतो. आणि 'लेखकाचा मृत्यू' या सूत्राचा उत्साहाने पुरस्कार करणाऱ्यांनी या लाल खुणेचा थोडा विचार करायला हरकत नाही.

याहून विलक्षण प्रकार हत्येचा. निरपराध व्यक्तीला मारले आणि आसपास एकही साक्षीदार नसला, तरी खेळ कळवतो की हे कृत्य कोणा अज्ञात शक्तीने पाहिले आहे. एका रात्री कंटाळ्याच्या भरात अध्यापकाने असा एक खून केला. त्याचे पात्र नंतर झोपी गेले तेव्हा उशाशी काळ्या झग्यातला ल्यूशियन लाशान्स उभा होता. शंभर टक्क्यांची ती बेरीज त्याच्यापुढे कुचकामी ठरली होती. अध्यापकाला भीती वाटण्याऐवजी सुटल्यासारखे वाटले. इतक्या दिवसांत प्रथमच कोणीतरी त्याला पाहिले होते. लाशान्स मात्र जाब विचारायला आलेला नव्हता. तो मारेकऱ्यांच्या संघाचे निमंत्रण घेऊन आला होता. त्याने हाती एक सुरा ठेवला आणि दूरच्या एका सराईत लपून राहिलेल्या म्हाताऱ्याचे नाव सांगितले.