उजव्या हातातले पेन

नरकचतुर्दशीच्या सकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवरची गर्दी न्याहाळून मी शेजारी फराळाला गेलो. शेजारी निवृत्त सैनिक. दारातच मी शुभेच्छांसाठी हात पुढे केला आणि चरकलो! कारगिलच्या लढाईत, १९९९ साली, त्यांचा उजवा हात निकामी झालेला. दर वर्षी मी ते विसरतो. पण वहिनींनी पुढे आलेल्या माझ्या हातात चटकन चकल्यांची बशी ठेवली.

"सर, ही घरी घेऊन जा हं!"

माझी फजिती झाकली गेली. त्यांचा हातही.

बशी घेऊन जिना उतरताना मला अमेरिकेचे बॉब डोल आठवले. एप्रिल १९४५ मध्ये इटलीच्या डोंगरात ते जखमी झाले आणि त्यांचा उजवा हात कायमचा अधू झाला. पुढे ते कॅन्सस राज्याच्या विधिमंडळात आणि नंतर देशाच्या सिनेटमध्ये निवडून गेले. त्या हातात ते पेन धरून ठेवीत; कुणी हस्तांदोलनाला येऊ नये म्हणून! त्यांच्या पत्नी एलिझाबेथ. लग्न १९७५ चे. बाई कर्तबगार; केंद्रात दोन खाती सांभाळली, २००३ ते २००९ सिनेटर होत्या.

पण जखमी सैनिकांच्या घरची दुसरी बाजू त्यांना जवळून दिसली ती रुग्णालयात. २०१० साली बॉब वॉल्टर रीड रुग्णालयात महिनोन्महिने होते. तिथे तरुण सैनिकांच्या बायका, आया रात्रंदिवस उशाशी बसलेल्या. त्यांच्यासाठी बाईंनी २०१२ मध्ये संस्था काढली. संस्थेने करवून घेतलेल्या पाहणीत, २०१४ साली, अशी माणसे निघाली पंचावन्न लाख! सैनिकाच्या छातीवर पदक दिसते. यांचे काम कुणाच्या नजरेस पडत नाही. आणि गंमत अशी, की काम चोख झाले म्हणूनच ते दिसत नाही. माझ्या हातातल्या बशीसारखे.

संध्याकाळी बशी परत करायची होती. रिकामी कशी द्यायची? हिने तीत करंज्या घातल्या. वहिनींनी दार उघडले. रोजच्याप्रमाणे 'साहेब कसे आहेत?' हे शब्द माझ्या ओठांवर आले, ते गिळून मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही कशा आहात?"

त्या बघतच राहिल्या. मग पदराने हात पुसत म्हणाल्या,

"बसा सर. चहा टाकते. आज सांगतेच."