हँगर जपून ठेव

दुरुस्तीला आलेल्या सायकलचा पुढचा चिमटा उघडला, तर आतलं रबर चिखलासारखं बोटांना चिकटलं. पुसायला गेलो, तर चुरा झाला. 1990च्या दशकातल्या पुष्कळ माउंटन बाइकांच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगऐवजी अशा रबरी गोळ्यांची चळत असायची. ही सायकल कॅलिफोर्नियात पंचवीस वर्षं नोकरी करून पुण्याला परतलेल्या एका गृहस्थांची. फ्रेम क्रोमोली स्टीलची, टिचकी मारली तर अजून खणखणीत वाजणारी. मी कटोऱ्या धुतल्या, छर्रे बदलले, दोन्ही चाकांचा आऊट काढला आणि शॉकअप उतरवून साधा स्टीलचा चिमटा बसवला. दुसऱ्या दिवशी ते वेताळ टेकडीवर जाऊन आले आणि हवा भरण्याच्या निमित्तानं, जुन्या सायकलींना आता कसा भाव येतो यावर तासभर गप्पा मारत बसले.

तेव्हा शेजारी एक कॉलेजातला मुलगा आपली नवी कार्बनची सायकल घेऊन उभा होता. म्हणाला, "काका, तीस वर्षांनी माझ्या सायकललाही अशीच किंमत येईल?"

"नाही येणार," म्हणून मी मोकळा झालो. त्याचा चेहरा उतरला. उत्तर घाईचं होतं, हे रात्री दुकानाचं शटर ओढताना लक्षात आलं.

कारण भाव येणार असं सुरुवातीला कुणालाच वाटलेलं नसतं. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतल्या काही तरुणांनी एका डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. त्यांच्या सायकली 1930-40च्या दशकांतल्या, फुगीर टायरांच्या, अडगळीतून काढलेल्या. सुमारे 1,300 फूट उतरताना मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा, की ग्रीसचा धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच 'रीपॅक'. एका मेकॅनिकच्या कटकटीचं नाव माउंटन बाइकिंगच्या जन्मस्थळाला मिळालं, याचा मला फार अभिमान वाटतो! पुढं 1977 मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझनं या उतारासाठी खास फ्रेम बांधली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1981ची स्टम्पजम्पर कारखान्यात मोठ्या संख्येनं निघाली, तरी तीही संग्राहकांची लाडकी झाली. त्यानंतरच्या क्लाइन आणि यती या कंपन्यांच्या सायकलींचं गणित वेगळं. पंधराव्या वर्षी पोस्टरवर पाहिलेला रंग पंचेचाळिसाव्या वर्षी, खिशात पैसे आल्यावर, माणूस शोधत निघतो.

मग आजच्यातलं काय उरेल? वहीत लिहून पाहिलं.

पहिलं नाव सर्ली पग्सली, 2005. कारखान्यातून निघालेली पहिली फॅट बाइक, बर्फावर आणि वाळूवर चालणारी. हिची पुढची-मागची चाकं एकमेकांच्या जागी बसतात. ओसाड बर्फात मागचं फ्रीव्हील गोठलं, तर पुढचं चाक मागं लावून घरी येता येतं. ज्यानं हे आखलं, त्यानं कधीतरी आडरानात सायकल ढकलली असणार.

दुसरं मोंद्राकेर, 2013चं मॉडेल. जुन्या सायकलींना हँडल पुढं ढकलणारं 130 मिलिमीटरचं स्टेम असायचं. उतारावर जीव पुढच्या चाकावर टांगलेला. या स्पॅनिश कंपनीनं फ्रेम लांबवली आणि स्टेम 10 मिलिमीटरवर आणलं. लोक हसले. आज दुकानात येणारी प्रत्येक चांगली माउंटन बाइक त्याच वाटेनं गेलेली दिसते: फ्रेम लांब, स्टेम आखूड, आणि पूर्वी 71 अंशांवर असणारा पुढच्या चिमट्याचा कोन 65च्या आसपास कललेला.

तिसरं नाव वेल्समधल्या अथर्टन भावंडांच्या सायकलींचं. टायटॅनियमचे छापून काढलेले सांधे आणि त्यांत चिकटवलेल्या कार्बनच्या नळ्या. जुन्या लग लावलेल्या स्टीलच्या फ्रेमचंच हे नातवंड. एक सांधा हातात घेऊन पाहायची इच्छा आहे.

होंडाची आरएन-01 ही उतारावरच्या शर्यतींची सायकल मात्र यादीत घेतली नाही. ती शर्यती जिंकली, पण कधी विकलीच गेली नाही. जी गिऱ्हाइकाच्या हाती आलीच नाही, ती संग्रहालयाची. माझ्या स्टँडवर ती कशी येणार?

आणि नेमकी इथंच मेख आहे: जी माझ्यासारख्याला दुरुस्त करता येईल, तीच उरेल. गेल्या वर्षी एक इलेक्ट्रिक माउंटन बाइक आली होती. फ्रेम, बेअरिंगं, ब्रेक, सगळं ठणठणीत, पण बॅटरी मेलेली आणि त्या आकाराची बॅटरी बनायची बंद झालेली. रबराची गोळी गेली तर मी साधा चिमटा लावतो. बॅटरी आणि तिच्यातलं सॉफ्टवेअर गेलं, तर माझ्या पेटीत त्यावर पाना नाही. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपर सायकल पाहताना हेच मनात आलं. घडी घालून छत्रीधारी सैनिकांबरोबर न्यायची ती सायकल. तरी आजही ती साध्या पान्यांनी खोलता येईल.

गेल्या रविवारी तो मुलगा पुन्हा आला. मी त्याची सायकल उलटी करून मागचा हँगर दाखवला. गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर लटकतो, तो अॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा. धडक बसली की फ्रेम वाचावी म्हणून हा मुद्दाम आधी वाकतो. पूर्वी कंपनीगणिक, पुष्कळदा मॉडेलगणिकही, हँगरचा आकार वेगळा असायचा. 2019 मध्ये सर्वांना चालेल असा एक निघाला. याच्या सायकलीचा मात्र जुन्या पद्धतीचा, तिच्यापुरताच.

"भाव येईल की नाही, सांगता येत नाही," मी म्हणालो. "पण असे दोन हँगर आत्ताच घेऊन ठेव. आणि टेकडीवर चालव, भिंतीवर टांगू नकोस."

"चालवली तर झिजेल ना, काका?"

"झिजेल. मग माझ्याकडे आण."

त्यानं हँगर मागवले. मी त्याच्या बेअरिंगांचे नंबर कागदावर उतरवले, कागदाची घडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि सीटखालच्या नळीत सरकवून दिली. तीस वर्षांनी ही सायकल उघडणारा मी नसेन. जो असेल, त्याला शोधत बसायला नको.