चाकावरची रिकामी जागा

रिकाम्या गाडीचं टायर सहसा घासत नाही. ते घासतं तेव्हा गाडीत माणसं असतात, डिकीत सामान असतं, रस्त्याला वळण असतं आणि नेमका त्या वळणातच खड्डा असतो. म्हणून दुकानाच्या सपाट फरशीवर उभ्या असलेल्या गाडीच्या मडगार्डात चार बोटं घालून कुणी ‘बसतंय की निवांत’ म्हणालं, तरी मी लगेच हो म्हणत नाही.

माझं टायरचं आणि अलाइनमेंटचं दुकान धाराशिव-तुळजापूर रस्त्यावर आहे. सोलापूरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग 52 घाट चढून तुळजापूरला येतो आणि धाराशिव, येडशी, येरमाळा करत पुढं बीडकडे जातो. चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा, आश्विनात तुळजाभवानीचं नवरात्र, मग कोजागरी. या दिवसांत एमएच 25 च्या गाड्यांबरोबर सोलापूर, लातूर, बीडच्या गाड्याही दारात उभ्या राहतात, आणि सात जणांच्या गाडीतून दहा जण उतरतात. तक्रार ठरलेली असते. ‘मागून आवाज यालालाय बगा. खड्ड्यात गेली की खर्र करतंय.’ मी विचारतो, नवीन टायर कधी टाकले? निम्म्या वेळा उत्तर येतं, ‘मागच्याच महिन्यात. जरा मोठे टाकले, गाडी भारी दिसावी म्हणून.’

मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा रिकामी दिसते, पण ती कुणाच्या तरी कामाची असते. चाक खड्ड्यातून वर येताना त्या जागेत शिरतं. स्टिअरिंग कट मारताना पुढचं चाक तिरकं होऊन त्याच जागेचा दुसरा कोपरा घेतं. वजन पडलं की पाटे किंवा स्प्रिंग दबतात आणि सगळी गाडीच चाकावर खाली येते. गाडी बनवणाऱ्यांनी हा सगळा हिशोब धरूनच ती पोकळी ठेवलेली असते. मोठं टायर टाकणारा माणूस ती जागा फुकट पडलीय असं समजतो, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की टायरचा साइज त्या पोकळीच्या सगळ्यात वाईट क्षणाला बघून ठरवायचा, शांत उभ्या गाडीकडे बघून नाही.

टायरवर लिहिलेले आकडे बहुतेकांनी पाहिलेले असतात, पण वाचलेले नसतात. बोलेरोचं 215/75 आर 15 घ्या. 215 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे साइडवॉलची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या 75 टक्के. आर म्हणजे रेडियल. 15 म्हणजे डिस्कचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापं बसवलेली आहेत आणि घोळ तिथंच होतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फक्त 235 करा, बाकी तेच ठेवा.’ बाकी तेच राहत नाही. 215 चे 75 टक्के म्हणजे 161 मिलिमीटरच्या आसपास, 235 चे 75 टक्के म्हणजे 176. साइडवॉल वाढली 15 मिलिमीटर, खाली आणि वर दोन्हीकडे. टायरचा व्यास साधारण 703 वरून 733 झाला. गाडी 15 मिलिमीटर उंच झाली हे सगळ्यांना दिसतं आणि आवडतं. तेवढीच 15 मिलिमीटर टायरची टाळू मडगार्डात वर शिरली, ते कुणाला दिसत नाही. शिवाय रुंदी दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर वाढली. स्पीडोमीटर 100 दाखवत असताना गाडी 104 च्या वेगानं पळायला लागली, तो वेगळाच विषय.

व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, असा आमच्या धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे. वरच्या उदाहरणात तो चार टक्क्यांच्या पुढं गेला. पण तीन टक्क्यांच्या आत आहे म्हणून घासणार नाही, असंही नसतं. दंडक व्यासाबद्दल बोलतो, मडगार्ड रुंदीलाही अडतं.

कंपन्या स्वतः साइज कसा बदलतात ते बघण्यासारखं आहे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर 14 येतं आणि वरच्या मॉडेलला 185/65 आर 15. पहिल्याचा व्यास 619.6 मिलिमीटर, दुसऱ्याचा 621.5. रुंदी 20 मिलिमीटरनं वाढली, डिस्क एक इंचानं वाढली, आणि व्यास जेमतेम दोन मिलिमीटर. जुन्या स्कॉर्पिओला 235/70 आर 16 होतं, नंतरच्या स्कॉर्पिओला 235/65 आर 17 आलं. तिथंही व्यासात दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचाच फरक. डिस्क वाढली की साइडवॉल कमी करायची आणि बाहेरचा घेर तोच ठेवायचा, हे त्यांचं गणित. म्हणून 14 च्या डिस्कवर स्विफ्टला जरा रुंद टायर हवं असं कुणी म्हणालं, तर मी 185/70 आर 14 सुचवतो. त्याचा व्यास मूळ टायरपेक्षा पाच मिलिमीटरनं कमीच भरतो आणि रोड धरायला रबर जास्त मिळतं. त्यावर वजनाचा आकडा 88, म्हणजे एका टायरला 560 किलो. मूळ टायरवरचा 85 म्हणजे 515 किलो. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असलेलं टायर मी कितीही स्वस्तात मिळत असलं तरी चढवत नाही. नवरात्रातली गाडी त्या आकड्याची परीक्षा घेते.

घासल्याची खूण कुठं असते, हे बघायला मला आवडतं. नवं टायर कारखान्यातून येतं तेव्हा त्याच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. जमिनीला लागणारे केस दोन दिवसांत जातात, पण खांद्याच्या बाजूचे आणि साइडवॉलचे पुष्कळ दिवस टिकतात. गाडी जॅकवर घेऊन चाक हातानं हळूहळू फिरवायचं आणि बोट खांद्यावर ठेवायचं. एखाद्या पट्ट्यात केस साफ गेलेले असतील आणि रबर हाताला गुळगुळीत लागत असेल, तर तिथं काहीतरी टेकतंय. मग बॅटरी घेऊन मडगार्डाच्या आत बघायचं. आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर सगळीकडे धूळ असते, पण एका जागी चंद्रकोरीएवढा भाग पुसल्यासारखा चकाकतो. तिथंच लायनरचा स्क्रू असेल तर त्याचं डोकं घासून चांदीसारखं झालेलं असतं. पुढच्या चाकाला ही खूण बहुधा लायनरच्या मागच्या कडेला, दाराकडच्या बाजूला सापडते, म्हणजे फुल कट मारल्यावर लागतंय. मागच्या चाकाला ती वर, पत्र्याच्या दुमडलेल्या काठाशी असते, म्हणजे वजनानं लागतंय. जागा कळली की कारण अर्धं कळलं.

संशय असेल पण खूण नसेल, तर मी कणीक वापरतो. घट्ट मळलेल्या कणकेच्या अंगठ्याएवढ्या गोळ्या लायनरवर तीन-चार जागी चिकटवतो. मग मालकाला सांगतो, घरचे सगळे आणा, नाहीतर दुकानातली पोरं बसवा, पण गाडी भरा. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक लाकडी ओंडक्यावर चढवायचं. गाडी अशी मुरडली की जी चाकं दबतात ती खरी जागा सांगतात. फुल कट मारून पुढं घ्यायची, आणि फुल कटमध्येच मागंही घ्यायची, कारण रिव्हर्सला चाक बुशमध्ये थोडं सरकतं आणि पुढं जाताना न लागलेलं टायर मागं येताना लागतं. मग गोळ्या बघायच्या. दबून बोटाएवढी जाड राहिली तर ठीक. पापडासारखी झाली असेल तर ते टायर उतरवायचं, मग त्याची नक्षी कितीही आवडलेली असो.

इथं लोक एक उपाय हमखास करून बघतात, तो म्हणजे हवा कमी करणं. त्यानं काही होत नाही. हवा कमी केली की टायर खाली, जमिनीशी दबतं. घासतं ते वर. अ‍ॅक्सलपासून टायरच्या टाळूपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं. उलट टायर तापतं, खांदे झिजतात, आणि उन्हाळ्यात सोलापूरपर्यंतच्या रस्त्यावर फुटायची भीती वाढते.

दुसरी गोष्ट, साइज न बदलताही गाडी घासू शकते, आणि तेव्हा टायरला बोल लावणं चुकीचं. कळंबकडचा मांजराकाठ, तिथली काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या मडगार्डात ती थरावर थर बसते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. दोन इंच माती आत बसली तर दोन इंच जागा गेलीच. माझ्याकडे घासण्याची तक्रार घेऊन आलेली शेतावरची गाडी आधी पाण्याच्या फवाऱ्याखाली जाते, मापं नंतर. पाटे बसलेले असतील, शॉकअप गळत असतील, लायनरची क्लिप तुटून प्लास्टिक खाली लोंबत असेल, तरी आवाज तोच येतो. आणखी एक साधं कारण असतं. जुनी टायरं झिजून गोटा झालेली असतात आणि तोच साइज नवा टाकला तरी गाडी घासायला लागते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल, झिजलेल्याची दोनच्या खाली. व्यासात बारा-तेरा मिलिमीटरचा फरक तसाच पडतो. मधल्या काळात पाटे बसले होते, ते झिजलेल्या टायरनं झाकून ठेवलेलं असतं.

एकाच साइजची दोन कंपन्यांची टायरंही सारखी नसतात. कुणाचा खांदा गोल, कुणाचा चौकोनी. चिखलात चालणाऱ्या जाड नक्षीच्या टायरला खांद्यावरही ठोकळे असतात, आणि घासतात ते ठोकळे. टायर डिस्कवर चढल्यावर डिस्क अर्धा इंच जास्त रुंद असेल तर टायरही सुमारे पाच मिलिमीटर जास्त पसरतं. म्हणून मी आकड्यावर थांबत नाही, हवा भरलेल्या चाकाला कॅलिपर लावतो.

स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबरी बफर बसवून गाडी उचलायची पद्धत आपल्याकडे फार आहे. घासणं थांबतं हे खरं. पण स्प्रिंग थकली असेल तर स्प्रिंग बदलावी, हे माझं मत मी सोडत नाही. त्याहून वाईट म्हणजे मडगार्डाचा काठ हातोड्यानं आत ठोकणं किंवा लायनर कापून टाकणं. काठ ठोकला की रंग तडकतो आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज धरतो. लायनर काढलं की खडी थेट पत्र्यावर आणि वायरिंगवर उडते. टायरसाठी गाडी कापायची नसते. कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणीतला तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्टपणे सांगितलं आहे.

सगळ्यात जास्त काळजी मला वापरलेल्या मॅगव्हीलची, म्हणजे अलॉयच्या डिस्कची वाटते. पुण्याकडून सेट येतात, स्वस्त मिळतात, नट बसले म्हणजे चाक बसलं असं धरलं जातं. डिस्कची रुंदी आणि तिचा ऑफसेट, म्हणजे नट बसायची बाजू डिस्कच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे, ते कुणी विचारत नाही. सहा इंची डिस्क काढून सात इंची घातली आणि ऑफसेट तोच असला, तर चाक आत आणि बाहेर प्रत्येकी 12.7 मिलिमीटर वाढतं. ऑफसेट 45 चा 35 असेल तर बाहेर 22.7 मिलिमीटर आणि आत फक्त 2.7. उलट ऑफसेट जास्त असेल तर सगळी वाढ आत जाते. बाहेरून चाक छान मडगार्डात लपलेलं दिसतं, आवाजही फारसा येत नाही, आणि आत टायर स्ट्रटच्या स्प्रिंगच्या वाटीला किंवा ब्रेकच्या रबरी होजला लागत असतं. बाहेर घासलं तर पत्रा जातो. आत घासलं तर ब्रेक जातो.

म्हणून असा सेट चढवला की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून मी खाली आडवा होतो आणि होजवरून बोट फिरवतो. होज एका बाजूला चपटा, चकचकीत लागला, तर ती गाडी मी दुकानातून चालवत बाहेर जाऊ देत नाही, घाटात तर नाहीच. मूळ डिस्क घरी माळ्यावर पडलेल्या असतात. त्या आणायला मोटारसायकलवर पोरगा पाठवतो, आणि तो येईपर्यंत नवीन होज बसवून, ब्रेकमधली हवा काढून गाडी जॅकवर तयार ठेवतो.