पूर्व-पश्चिम छप्पर

लंडनच्या हॅरोत सौर पॅनल लावायचे म्हटलं की आपला मराठी माणूस पहिल्यांदा दक्षिण विचारतो. ही गच्चीची सवय. पुण्यात सपाट गच्चीवर सांगाडा उभा करायचा आणि सगळे पॅनल हवे तिकडे वळवायचे. इथली बहुतेक जोडघरं मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या मागोमाग, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात उभी राहिली. त्यांची तोंडं रस्त्याने ठरवली. रस्ता उत्तर-दक्षिण असला तर पुढचा उतार पूर्वेला आणि मागचा पश्चिमेला, किंवा उलट. बाजूचा त्रिकोणी उतार जोडीतल्या एकाला दक्षिणेचा मिळतो. शेजाऱ्याच्या वाट्याला उत्तर.

मग पॅनल दोन्ही उतारांवर वाटायचे, आणि शाळेतली एकसर आणि समांतर जोडणी आठवावी लागते. एकसर जोडलेल्या पॅनलांतून धारा एकच वाहते, आणि धारा उन्हाप्रमाणे कमी-जास्त होते. सकाळी पूर्वेचे पॅनल 10 अँपिअर द्यायला तयार, पश्चिमेचे जेमतेम 2. दोघांना एका माळेत ओवलं की बांधावरून एकामागोमाग चालणाऱ्यांसारखं होतं: एक रेंगाळला की सगळे खोळंबले. बायपास डायोड मंद पॅनलांना वळसा घालतात खरे, पण मग त्यांची वीज हातची जाते.

व्होल्टेजचं तसं नाही. उजेड मंदावला तरी ते फारसं उतरत नाही. म्हणून पूर्वेचे 8 आणि पश्चिमेचे 8, एकाच जातीचे, अशा दोन माळा समांतर जोडल्या तर एका ट्रॅकरवरही, म्हणजे माळेतून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या इन्व्हर्टरच्या भागावरही, नुकसान किरकोळ होतं. तरी मी दोन ट्रॅकरचा इन्व्हर्टर घेतो, कारण धुराडी. डिसेंबरात इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो आणि सावल्या लांबच लांब पडतात. एका माळेवरच्या सावलीने दुसरीचं काम का बिघडावं?

प्रत्येक पॅनलखाली त्याची वीज स्वतंत्र सांभाळणारा ऑप्टिमायझर बसवायची हौस मात्र मला पटत नाही. छपरावर जितकी यंत्रं, तितकी पुढे परांची बांधायची निमित्तं, आणि परांची इथे महाग पडते. अपवाद त्या त्रिकोणाचा. तिथे 3 पॅनल मावतात, एवढ्याशा व्होल्टेजवर अनेक इन्व्हर्टर जागेच होत नाहीत. तिथे मायक्रोइन्व्हर्टर बरे. उलट लांब माळेला थंडीची भीती. उणे 10 अंशांत व्होल्टेज जवळजवळ दहा टक्के वाढतं, म्हणून माळेची लांबी हिवाळ्यातल्या पहाटेवरून ठरवायची.

दोन्ही उतार ऐन भरात एकदम कधीच नसतात, त्यामुळे त्या 16 पॅनलांना 3.68 किलोवॉटचा इन्व्हर्टर बऱ्यापैकी पुरतो. विजेच्या जाळ्याला पूर्वपरवानगीशिवाय जोडता येण्याची घरगुती मर्यादाही तेवढीच, फेजमागे 16 अँपिअर. दक्षिणेच्या मानाने वर्षाची वीज साधारण 15 ते 20 टक्के कमी येते, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. पण ती सकाळच्या चहाला आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला येते, आणि विकण्यापेक्षा घरात वापरलेलं युनिट बहुधा जास्त पैसे वाचवतं. डिसेंबरचे आकडे त्याच कागदावर ठळक लिहून देतो. मग जानेवारीत फोन कमी येतात.